घरच्या पुदिन्यातलं शिसं

“तुमच्या रक्तात शिसं आहे,” डॉक्टर म्हणाल्या. मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली. मी ठाण्यात शाळेत गणित शिकवते. माझा नि शिशाचा काय संबंध?

त्याआधी कित्येक महिने पोटात मुरडा यायचा, हातपाय गळून जायचे. फळ्यावर लिहिता लिहिता हात खाली यायचा. सोनोग्राफी झाली, एन्डोस्कोपी झाली. सगळं नॉर्मल. फक्त हिमोग्लोबिन घसरत होतं आणि गोळ्यांनी वर येत नव्हतं. शेवटी या रक्ताच्या डॉक्टरांनी स्लाइड पाहिली. तांबड्या पेशींत निळे ठिपके होते, शिशाची एक खूण. म्हणून त्यांनी ब्लड लेड लेव्हल, म्हणजे रक्तातलं शिसं मोजायची तपासणी करायला लावली.

“रोज न चुकता काय खाता-पिता?” डॉक्टरांनी विचारलं.

“सकाळी पुदिना-कोथिंबिरीचा रस. घरचाच. आई देतात.”

आई म्हणजे माझ्या सासूबाई. कोलशेतला आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या पट्टीत त्यांनी पुदिना, कोथिंबीर लावलेली. कोकणातल्या बाई, मातीत हात घातल्याशिवाय करमत नाही. रस घरात मी एकटीच प्यायचे; अशक्त होत गेले तसा त्यांनी पेला मोठा केला.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळद, मसाला, पट्टीतला पाला, थोडी माती, असं सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत भरून नवरा शीळफाट्याजवळच्या लॅबमध्ये देऊन आला. मग नुसती वाट पाहणं. मला भीतीही वाटेनाशी झालेली. फक्त झोपावंसं वाटायचं.

हळद-मसाला ठीक निघाला. पुदिना, कोथिंबीर आणि माती, तिन्हींत शिसं. सोसायटीतले एक जुने काका म्हणाले, “अहो, इमारतीच्या आधी इथे शेड होती. शिसं काढायला जुन्या बॅटऱ्या फोडायचे.”

आई म्हणाल्या, “मीच पाजत होते गं तुला.”

त्यांची समजूत घालायला हवी होती. तेवढंही बळ नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

त्या चपला घालून बाहेर पडल्या. ज्यांना ज्यांना पुदिन्याच्या जुड्या दिल्या होत्या, त्या प्रत्येक घराची बेल त्यांनी वाजवली. “माझा पाला टाकून द्या. पोरांचं रक्त तपासून घ्या.” एकीने तोंडावर दार लावलं.

माझं चीलेशन सुरू झालं. म्हणजे शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध. डॉक्टरांनी आधीच सांगितलं, “हाडांत मुरलेलं शिसं हळूहळूच निघतं. घाई करू नका.” आजही संध्याकाळपर्यंत मी थकते.

तुमचंही हिमोग्लोबिन असंच अडून बसलं असेल, तर डॉक्टरांना रोजचं घरचं, अंगणातलं खाणंसुद्धा सांगा. घरचं म्हणून सोडून देऊ नका.

एका रविवारी खालच्या मजल्यावरची प्रज्ञा लेकीला घेऊन वर आली. तिला पाहून आई उठून आत निघाल्या.

“आजी, थांबा ना,” प्रज्ञा म्हणाली. “हिच्या रक्तातपण निघालं. थोडंच आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलं. तुम्ही आला नसता तर आम्ही कशाला तपासलं असतं?”

आई परत खाली बसल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडल्या. पोर त्यांच्या मांडीवर जाऊन बसली.

मी उठले आणि सगळ्यांसाठी चहा ठेवला.