जुन्या तेलाची बाटली
काल शेड आवरताना फळीवर एक काचेची बाटली सापडली. बूच काढलं तसा जळक्या गियर ऑइलचा वास आला आणि आंब्याच्या पेट्या वाहणारी आमची जीप आठवली. देवगडच्या चढउतारांवर ती इतकी पळाली होती, की किलोमीटरचे आकडे फिरायचेच थांबले होते. एका हंगामाच्या तोंडावर तिचे गियर अडू लागले. मेकॅनिक म्हणाला, तेल बदलायला हवं, पण पातळ नव्या तेलात झिजलेले गियर सुटूही शकतील. बाबांनी बॉनेटसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, जुना तेल काढतंव, गाडी चलती ऱ्हवांदे!” गाडीखालून मेकॅनिक ओरडला, “होय म्हाराजा!” आणि त्याने नट सोडला. काळ्या तेलात काहीतरी चमचमत होतं. मी बोट बुडवून विचारलं, “ही चांदी काय?” मेकॅनिक हसला, “चांदी न्हय गो, गियरचा लोखंड. झिजता नि तेलात उतरता.” बाबांनी त्यातलं बाटलीभर तेल बाजूला ठेवलं. “नवा मानवला नाय, तर ह्या इरजणासारखा घालूया,” ते म्हणाले. नवं तेल मानवलं. जीप आणखी कितीतरी हंगाम चालली आणि मग भंगारात गेली. काल मी ती बाटली उन्हात धरून हलवली. तळाशी बसलेली चमचम हळूहळू वर आली. त्या जीपचा एवढाच भाग आता आमच्या घरात आहे.