घरटी एक माणूस

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि माझ्याच दारातून मला बाहेर पडता येत नव्हतं.

आमची चाळ मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी. समोर मोकळी जागा. तिथे मंडळाचा पत्र्याचा मांडव गंजत पडलेला. बुद्धविहारातल्या कपाटात पुस्तकं, गणपती मंडळाच्या पेट्यांत पुस्तकं, पण पोरांना बसून वाचायला जागा नाही. तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं, तिथे वाचनालय बांधायचं. मातीचं. सिमेंटचं पक्कं बांधकाम त्या जागेत चालणार नव्हतं, आणि वरच्या अंगाला संरक्षक भिंतीसाठी खणलेली माती ढीग लागून पडलीच होती.

मी शिकलो तिसरीपर्यंत. पुस्तकांबद्दल मला कोण विचारतो. पण मातीची भिंत म्हटल्यावर सभेत पुढे जाऊन बसलो. गावी बापाने घर उभं केलं तेव्हा मी चिखल वाहिलाय. मी सांगितलं, खाली चिऱ्याचं जोतं घाला, आज माती मळा, उद्या थर चढवा.

माझा शेजारी सोलापूरकडचा. आमच्या दोघांच्या खोल्यांत एकच भिंत. तो म्हणाला, "तसं नाही रे. मातीत भुसा घालून ती मुरू द्यायची. वास मारायला लागली की मग तुडवायची. आमच्याकडं भिंती अशाच होतात."

आम्ही दोघं एकाच कंपनीत वॉचमन होतो. उभी हयात एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं, म्हणून मी बोलायला मोकळा. म्हटलं, "आंबवायला ती काय आंबोळीचं पीठ आहे? घाट्याला चिखल नि भाकरी दोन्ही सारखंच."

"कोकण्या," तो म्हणाला, "तुमच्याकडं पाऊस एवढा, की सगळा जीव छपरात. भिंतीचं आम्हाला विचार."

सभा हसली. हात वर करायला सांगितले, तर सगळे त्याच्या बाजूने. मागे वळून बघतो तर आमच्या हिचाही हात वर.

तेव्हा मी उठून बोललो ते बोललो. "या मातीला माझा पाय लागणार नाही. बांधताना नाही, बांधून झाल्यावरही नाही."

नाक्यावरच्या हॉटेलवाल्याशी एकदा वाजलं तेव्हा मी चहा सोडला. तो अजून तोंडाला लावलेला नाही. चाळीत हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे समजूत घालायलाही कोणी आलं नाही.

माती तुडवायचा खड्डा खणला तो नेमका आमच्या गल्लीच्या तोंडाशी, कारण पाण्याचा नळ तिथे. कडेने वाट होती, पण तिच्यावरही चिखल पसरलेला. पाय न लावता बाहेर पडायचं तर मागून, गटाराच्या कठड्यावरून. गुडघ्याने साथ दिली तोवर तसा गेलो. मग घरातच बसलो. दार लावून घेतलं, पण पत्र्याचं दार आवाज थोडाच अडवतं. चिखलातून पाय उपसल्याचा आवाज, बायकांचं खिदळणं, आणि शेजारी दिवसभर ओरडतोय, "टाचेनं, टाचेनं! नाचू नका." आत टीव्ही, कॅलेंडर, पाण्याचं पिंप आणि मी. दुपारी त्या मुरलेल्या मातीचा वास खिडकीतून यायचा, गोठ्याच्या तोंडाशी येतो तसा. वाईट नव्हता. हे मी कोणाला सांगितलं नाही.

नियम आमच्या गावचाच घेतला होता, घरटी एक माणूस. गावी ओढ्यावर लाकडाचा साकव घालायचा असो की देवळाचं छप्पर शाकारायचं असो, प्रत्येक घरातून एकाने यायचंच. ज्या घरातून कोणी येत नाही, ते घर गाव आपल्यात धरत नाही. मुलगा-सून डोंबिवलीला. घरात आम्ही दोघंच. आमची पाळी आली त्या सकाळी मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

"तुमका जावचा नसात तर पडा," ही म्हणाली. "मी जातंय."

संध्याकाळी पोटऱ्यांपर्यंत चिखल घेऊन आली, आणि एकटीच हसत पाय धूत बसली. कशाला हसतेस म्हटलं, तर म्हणाली, "थंय येवा, मगे सांगतंय."

दुसऱ्या पाळीला तिच्या तळव्यात काच घुसली. शहरातली माती ती, चाळली तरी बांगडीचा तुकडा राहिलाच. बाहेर ओरड झाली, मी उठलो, आणि गुडघा धरत धरत मागच्या कठड्याकडेच वळलो. फिरून नाक्यावर पोचलो तोवर शेजारी तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला होता. पानवाला म्हणाला, "काका, आत्ताच गेली बघा रिक्षा." मी तिथेच उभा राहिलो. परत यायलाही तोच कठडा.

संध्याकाळी शेजारी उंबऱ्याशी आला. पाय चिखलाचे, म्हणून आत येईना.

"वहिनी, उद्या शेवटचा थर. त्याला सगळ्याच घरांची पाळी, पण तुम्ही पाय हलवायचा नाही. तुमच्या घरची माती मी तुडवतो."

"ह्यांका तरी विचारा," ही म्हणाली.

"त्याला काय विचारायचं? त्याचा शब्द लई मोठा." माझ्याकडे न बघता तो गेला.

जेवण कसंबसं उरकलं. खड्ड्यात उतरलो तर शब्द जातो, न उतरलो तर घर जातं. आमच्या घरची माती दुसऱ्याने तुडवायची, आणि मी जिवंत, खड्ड्यापासून चार हातांवर बसलेला. सभेत दार मीच लावलं होतं. आता उघडायलाही मीच. हिने आपला पट्टीचा पाय उशीवर ठेवला आणि एकच म्हणाली, "निजा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, गुडघ्याला पट्टा बांधला, लेंगा वर दुमडला. चपला दारातच ठेवल्या. खड्ड्यावर कोणी नव्हतं. उतरलो. माती गारढोण. दुसरं पाऊल टाकायला गेलो, तर पहिलं निघेना. तसाच उभा राहिलो.

शेजारी मशेरी लावत बाहेर आला. बघितलं. आता हा बोलणार, मला वाटलं. त्याने चूळ भरली आणि हात पुढे केला.

"हात नको," मी म्हटलं. "भुसा आण. कमी पडलाय."

"काही कमी नाही पडला."

"मग पाणी जास्त झालंय. बघत काय उभा राहतोस? आण."

तो भुशाची पाटी आणायला गेला. मी टाचेवर जोर देऊन पाय उपसला, आणि पुन्हा तिथेच रोवला.