मामाची पारख

गोरेगावपासून बोरिवलीपर्यंत जेवढ्या मराठी ख्रिस्ती मंडळ्या आहेत, त्या सगळ्यांतल्या उपदेशकांना सैतानापेक्षा माझ्या मामाची धास्ती जास्त आहे. सैतान निदान उपासनेला येत नाही. मामा दर रविवारी येतो, पुढून दुसऱ्या बाकावर बसतो आणि लक्ष देऊन ऐकतो. हे त्याचं ऐकणंच लोकांना झेपत नाही. अख्खी नोकरी एका इस्पितळाच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात गेली, त्यामुळे माणूस तोंडानं काय सांगतो यावर त्याची भिस्त कधीच नव्हती.

"देवानं मला सांगितलं" हे वाक्य आमच्याकडे कुणीही सहज बोलून जातं. कुणाला देव बदलापूरला फ्लॅट बघ म्हणतो, कुणाला जावेशी बोलू नकोस म्हणतो. मामासमोर मात्र ही सोय नाही. तो अगदी नम्रपणे विचारतो, "कोणत्या शब्दांत सांगितलं?" समोरचा चाचरतो, "शब्दांत असं नाही, मनात आलं." मग मामा म्हणतो, "तर मनात आलं असं म्हणा ना. माझ्या मनात सकाळपासून सुक्या बोंबलाची चटणी आहे." एकदा उपासनेत साक्ष देताना एका बाईंनी सांगितलं, की पाळकांनी प्रार्थना करताच त्यांची डोकेदुखी पळाली. सगळी मंडळी हालेलूया म्हणत असताना मामा उठून उभा राहिला. "प्रार्थनेआधी मी तुम्हाला गोळी दिली होती, तेवढंही सांगा," तो म्हणाला. "देव रागावणार नाही."

त्याच्या या खरेपणाचा सगळ्यात जास्त त्रास मला झाला आहे. माझ्यासाठी पहिली मुलगी बघायला गेलो, तेव्हा मुलीच्या वडिलांनी रीत म्हणून विचारलं, मुलगा कसा आहे? मामानं सांगून टाकलं, "मनानं चांगला आहे, पण चिडका आहे आणि कुणी दोनदा विचारलं की खोटं बोलतो." ते स्थळ तिथेच संपलं. पुढच्या स्थळाच्या वेळी आम्ही त्याला सांगितलंच नाही, तर पठ्ठ्यानं लग्नाच्या दिवशी सासऱ्यांना गाठून तेच सांगितलं. मी वर्षभर त्याच्याशी धड बोललो नव्हतो.

गेल्या वर्षी आमच्या दिंडोशीच्या घरी शनिवारी संध्याकाळी प्रार्थनासभा होती. बाहेरगावचे एक उपदेशक येणार होते. त्यांच्याकडे देवाचे संदेश ऐकून सांगण्याचं दान आहे, असं आईनं कुठूनसं ऐकलं होतं. त्यांना स्टेशनवरून आणायला मी गेलो. रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली, त्यांनी आपुलकीनं घरची चौकशी केली, आणि मी बोलत गेलो. आईचा मधुमेह, रोजचं इन्सुलिन, बधिर झालेला डावा पाय, सगळंच सांगितलं.

सभेत त्यांनी डोळे मिटले आणि आईच्या डोक्यावर हात ठेवला. "बहिणी, देव मला तुझा डावा पाय दाखवतोय. तिथे जाणीव नाही. आजपासून सुया बंद कर. तू मोकळी झालीस."

आई रडायला लागली. इतकं मोकळं रडताना मी तिला बाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. मामानं डोळे उघडले आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "रिक्षात तू यांना ताईच्या पायाबद्दल काही बोललास का रे?"

खोलीत वीसेक माणसं होती. उपदेशक शांतपणे माझ्याकडे बघत होते. आईही बघत होती, आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. मी म्हणालो, "नाही."

मामा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. "ठीक आहे," तो म्हणाला. "तरीपण ताई, सुई बंद करू नकोस."

"तुझा विश्वास नाही, म्हणून माझाही नसावा का?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं फ्रिजमधलं इन्सुलिन पिशवीत घालून माझ्या हातात दिलं आणि खाली कचऱ्यात टाकून यायला सांगितलं. मी एक मजला उतरलो आणि जिन्यातच थांबलो. तिथूनच मामाला फोन लावला.

"मामा, मी काल खोटं बोललो."

"माहीत आहे. वर जा आणि तिला सांग. मी निघतोच."

"तूच येऊन सांग ना."

"मी सांगितलं तर ते भांडण होईल. तू सांगितलंस तर ते खरं होईल."

असल्या वेळीही हा माणूस सूट देत नाही, म्हणून मी मनात चरफडलो. पण वर गेलो आणि सांगितलं. आई पिशवीसाठी हात पुढे करून म्हणाली, "मला वाटलं, देवाला माझा पायसुद्धा ठाऊक आहे."

बोरिवलीहून मामा आला, तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो आईजवळ जाऊन बसला. "ठाऊक आहेच त्याला, ताई," तो म्हणाला. "त्या माणसाला आपल्या पोरानं सांगितलं, म्हणून देवाला ठाऊक नाही असं कुठे होतं?" आणि त्यानंच तिला सुई टोचली. आई त्याच्याकडे बघून हसली नाही, पण दंडही मागे घेतला नाही.

नंतर आम्ही दोघं गॅलरीत उभे होतो. आता बोलणी बसणार म्हणून मी तयार होतो. मामा मात्र मामीबद्दल बोलायला लागला. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"शेवटच्या आठवड्यात तिनं मला विचारलं, मी बरी होईन ना? मी तिचे रिपोर्ट वाचले होते. मी म्हणालो, नाही. तिनं भिंतीकडे तोंड केलं." तो समोरच्या बिल्डिंगकडे बघत होता. "तिला उत्तर हवं होतं की नुसती सोबत, ते मला ओळखता आलं नाही. अजून येत नाही."

त्याला काहीतरी बरं वाटेल असं बोलावं, असं मला फार वाटत होतं. पण जे जे सुचत होतं, त्यातलं एकही वाक्य त्याच्यासमोर टिकलं नसतं. आतून आईनं जेवायला हाक मारली. तो हलला नाही, म्हणून मीही तिथेच उभा राहिलो.