टेकडीच्या पोटातला बर्फ

“ही टेकडी कापता येणार नाही. हिच्या पोटात बर्फ आहे,” मी म्हटलं, तसे मीटिंगमधले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

स्क्रीनवर उत्तर ध्रुवाकडच्या एका किनाऱ्याचा सॅटेलाइट फोटो होता. आमचे क्लायंट मिस्टर लिम तिथे मालधक्का बांधणार होते. धक्क्याला भराव लागतो. त्या सपाट, दलदलीच्या मुलखात एकच गोल टेकडी होती, तीही धक्क्याला लागून. ती कापायची आणि समुद्रात लोटायची, असा बेत. आम्ही बसलो होतो सिंगापूरला, हार्बरफ्रंटच्या एसीत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मिस्टर लिम हसले. “सिंगापूर ऑल्सो लाइक दॅट, मॅडम. कट द हिल, फिल द सी. हिल इज हिल, लाह!”

सिंगापूरपुरतं ते खरंच होतं. इथल्या टेकड्या कापूनच इथला समुद्र मागे हटवला. त्यात मुरलेल्या माणसाला टेकडी दिसली की भरावच दिसतो.

मी इंजिनिअरिंग जिऑलॉजिस्ट. बांधकामाआधी जमिनीच्या पोटात काय आहे ते सांगणं हे माझं काम. तिकडची जमीन खोलवर कायमची गोठलेली असते, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उन्हाळ्यात फक्त वरचा थर वितळतो. एखादं तळं आटलं की त्याच्या तळाची ओली वाळूही सगळीकडून गोठत येते. आत कोंडलेलं पाणी मग वर रेटा देतं, जमीन फुगवतं आणि तिथेच गोठतं. अशा फुगवट्याला पिंगो म्हणतात. वर मातीचं साल, आत बर्फाचा गड्डा. फोटोत टेकडीभोवती आटलेल्या तळ्याचा काठ दिसत होता आणि माथ्यावर भेगा फाकल्या होत्या.

“निदान एक बोअर मारून बघा,” मी म्हटलं. म्हणजे यंत्राने जमिनीत भोक पाडून आतला नमुना काढायचा.

“मशीन तिथे पोचेपर्यंत समर ओव्हर,” मिस्टर लिम म्हणाले आणि विषय संपला.

बाहेर आल्यावर देवधर सरांनी मला गाठलं. हे माझे बॉस. मूळचे पुण्याचे, आता इथले सिटिझन. गणपतीत आमच्याकडे आरतीला हटकून येणारे.

“अगं वैदेही, क्लायंटसमोर असं तोडून बोलतात का? ‘बर्फ असू शकतो’ म्हण. बोअरचं बोलायचं काही कारण नाही.”

“सर, उन्हाळ्यात वितळणारा भराव कसा चालेल?”

“तुझा वर्क पास रिन्यू व्हायचाय ना? मग उगाच कशाला?”

नवऱ्याची नोकरी सुटली होती. तो आणि आमची लेक ईरा, दोघंही माझ्या पासवर इथे राहत होते. ईरा सेकंडरी फोरला, वर्षअखेरीस ओ-लेव्हलची, म्हणजे इथल्या दहावीची परीक्षा. माझा पास गेला की बुकित पंजांगचं बिऱ्हाड उचलायचं, एवढा साधा हिशोब होता. सर ते पुरतं जाणून होते.

तरी मी रिपोर्टात ‘आत बर्फ आहे, बोअरशिवाय कापू नये’ असंच लिहिलं. पाठवताना सरांनी ते मऊ करून टाकलं. मला कळल्यावर मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन भांडले.

“पाठवून झालं,” ते म्हणाले.

जुलैत टेकडीवरची माती काढली. आत लखलखीत बर्फ. साल गेल्यावर उन्हाने तो भराभर वितळला. महिनाभरात टेकडीच्या जागी तळं झालं, शेजारचा रस्ता खचला, एक एक्सकॅव्हेटर चिखलात रुतला. ध्रुवाकडचा उन्हाळा औटघटकेचा, तो वाया गेला.

मिस्टर लिम तणतणत ऑफिसात आले. देवधर सर माझ्यासमोर त्यांना म्हणाले, “अवर जिऑलॉजिस्ट डिड नॉट कम्युनिकेट इट स्ट्राँगली.”

“मिस्टर लिम, मी तुमच्यासमोरच सांगितलं होतं,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग मोबाइलमध्ये डोकं घातलं. टेकडी कापण्याचा हट्ट त्यांचा, रिपोर्ट मऊ केला सरांनी. वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

कंपनीने माझा पास रिन्यू केला नाही. सरांनी फोन केला.

“मनावर घेऊ नकोस गं. क्लायंटला कुणीतरी दाखवावं लागतं. माझ्या जागी तूही हेच केलं असतंस.”

“नसतं केलं,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. तो राग अजून गेलेला नाही. जाऊही नये असं वाटतं.

“बट यू वर राइट, व्हॉट,” ईरा म्हणाली. “देन व्हाय वी मस्ट गो?”

परीक्षेपुरता तिला स्टुडंट पास मिळाला. मैत्रिणीच्या घरी राहून तिने पेपर दिले. आम्ही दोघं तेव्हा पुण्यात होतो. गणिताच्या पेपरआधी ती फोनवर नुसती रडत होती आणि मी इकडून “होईल गं” म्हणत होते.

मालवाहू बार्जने लांबून भरावाची खडी आणण्याचं नवं काम मिस्टर लिमनी देवधर सरांच्याच कंपनीला दिलं.

आता मी कॉलेजात शिकवते. पिंगो कसा ओळखायचा ते मुलांना एका तासात समजतं. मग मी त्यांना पुस्तकात नसलेली एक गोष्ट सांगते. खरं सांगायचं असेल, तर आधी घरच्यांच्या परतीच्या तिकिटांची सोय करून ठेवावी.