पोपटरावांनी नापास केलेल्या चकत्या

कवठे येमाईचे पोपटराव रांजणगावच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं लोकांचा माल नापास करत होते. हुद्दा क्वालिटी इन्स्पेक्टरचा, आवड नापास करण्याची. निवृत्तीला साहेबांनी नाव कोरलेला मापाचा व्हर्नियर दिला, तो देव्हाऱ्याशेजारी असायचा. त्याला हात लावायची घरात कुणाला मुभा नव्हती, सुनेला तर नाहीच.

सून प्रांजल पाबळला वर्कशॉप शिकून आलेली. कांद्याच्या रिकाम्या चाळीत तिनं हौसेनं छोटं सीएनसी मशीन जोडलं. कॉम्प्युटरवर माप टाकायचं, मशीन ॲल्युमिनियम कापून देतं. शेजारच्या माऊलीच्या कांदा पेरणी यंत्राला चार चकत्या हव्या होत्या, हे तिचं पहिलं बाहेरचं काम. माप चाळीस मिलिमीटर. दसरा झाल्यावर पहिली चकती निघाली. पोपटरावांनी व्हर्नियर लावला.

"चाळीस पॉइंट दोन. रिजेक्ट." चकतीवर लाल रंगाचा ठिपका पडला आणि ती क्रेटमध्ये गेली.

प्रांजलनं मशीनचा पट्टा ताणला. पुन्हा पॉइंट दोन. स्क्रूच्या नटातली ढिलाई काढली, नवा कटर लावला, टेबलाखाली पाचर ठोकली. पॉइंट दोन हलायला तयार नव्हता. एखादी चकती यंत्रात बसवून बघू म्हटलं तर रिजेक्ट माल चाळीबाहेर न्यायचा नाही, हा कारखान्याचा नियम घरीही लागू होता.

"हा लॉट पास झाला न्हाई तर मशीन इकू आन् गाय आनू," अकरावी चकती क्रेटमध्ये टाकत सासरे म्हणाले. "गाय तरी मापात दूध देती."

प्रांजलला रडू येत होतं. शेवटी तिनं कॉम्प्युटरवर मापच पॉइंट दोननं कमी केलं आणि चार चकत्या काढल्या. चारही पास. पोपटरावांनी त्या स्वतः माऊलीकडे पोचवल्या.

दुपारी माऊली यंत्राचा ड्रम खांद्यावर घेऊन हजर. "आप्पा, ह्यो खुळखुळा कुणाच्या पोरासाठी केलाय?" पास झालेली चकती ड्रममध्ये डुगडुगत होती.

प्रांजलनं न विचारता क्रेटमधली लाल ठिपक्याची चकती उचलली. अंगठ्यानं दाबताच ती चपखल बसली.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "व्हर्नियर मिटवून शून्य येतं का बघता?"

काम सुरू करण्याआधी शून्य तपासलं नाही म्हणून पोपटरावांनी कित्येक ऑपरेटरांना घरी पाठवलं होतं. स्वतःच्या व्हर्नियरवर मात्र त्यांची श्रद्धा होती. त्यांनी व्हर्नियरचे जबडे मिटवून पाहिले. जबडे मिटेनात. आतल्या बाजूला खंडेनवमीच्या पूजेचं हळदकुंकू वाळून टणक झालं होतं, बरोबर पॉइंट दोन जाडीचं.

"तुमीच म्हनला, नीट तोंडाला लाव," दारातून सासूबाई, रतनबाई, म्हणाल्या. पूजा त्यांनी केली होती, नवऱ्याच्या देखरेखीखाली.

पोपटरावांना लाज वाटली आणि ती लपवता आली नाही. क्रेटमधल्या चकत्या त्यांनी एकेक करून बाहेर मांडल्या. मग ब्रश घेतला, व्हर्नियरवर लाल ठिपका ठेवला आणि तो रिकाम्या क्रेटमध्ये टाकला.

प्रांजलनं तो उचलला. थिनरच्या बोळ्यानं जबडे पुसले, मिटवून शून्य पाहिलं, मग ठिपकाही पुसला. कुणी अडवलं नाही.

"घ्या आप्पा," ती म्हणाली. "पास हाय."

पोपटरावांनी हात पुढे केला नाही. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं," ते म्हणाले.