रुसायची सोय

अकोल्याच्या शाळेत मी इतिहास शिकवायला लागलो तेव्हा माझी नोकरी कच्ची होती. वर्षाअखेर दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब यायचे. त्यांच्या शेऱ्यावर मी कायम होणार, की अमरावतीला वडिलांच्या हाताखाली पूजा सांगत फिरणार, हे ठरायचं होतं. वडिलांचं आणि माझं दोन दिवसांवर तिसऱ्या दिवशी पटत नसे, त्यामुळे मी नोकरीला घट्ट धरून होतो.

पुस्तकात अमेरिकेतली गुलामगिरी एका परिच्छेदात उरकली होती. मुलं तो घडाघडा म्हणत आणि मनाला कुणाच्या काही शिवत नसे. मला संताप यायचा. त्याच सुमारास गावात तंबूतला मुका सिनेमा आला, आणि विषय नेमका तोच. मी हेडमास्तरांचा पिच्छा पुरवला. पोरं बिघडली तर जबाबदार तुम्ही, असं बजावून त्यांनी एकदाची परवानगी दिली.

पडद्याशेजारी छडी घेऊन एक गृहस्थ चित्र समजावून सांगायचे. त्यांनी मळ्याच्या मालकाचा कंस करून टाकला, ते मी सोसलं. पण पडद्यावर कापसाचं शेत आलं आणि माझा वर्गच उठून बसला. यांनी कापूस भरायला कमरेला ओटी कावून नाही बांधली, झोळी जमिनीवरून ओढली की काडीकचरा येणारच, असा सगळा कल्ला. तिकडे माणसाच्या पाठीवर चाबूक पडत होता आणि इकडे माझी पोरं त्याची वेचणी सुधारत होती. हेडमास्तर माझ्याकडे बघून नुसते हसले.

मग मी वर्गात एका सुटलेल्या गुलामाने स्वतः लिहिलेली हकिगत मराठी करत वाचली. लहानपणी त्याच्या आईला विकून दूर नेलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला नेहमीसारखं कापूस वेचायला जावं लागलं. वर्ग गप्प होता. मला वाटलं, पेंगतायत. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

तपासणीच्या सकाळी मी राजीनामा लिहून कोटाच्या खिशात घातला. काढून टाकण्याआधी आपणच निघावं, एवढाच विचार.

दिपोटीसाहेबांनी विचारलं, गुलाम कोणाला म्हणावं? आणि बोट केलं ते मागच्या बाकावरच्या शेतकऱ्याच्या पोराकडे, ज्याने सिनेमातल्या वेचणीला सर्वांत जास्त नावं ठेवली होती. मी डोळे मिटले. परिच्छेद त्याला कधीच पाठ नव्हता.

"आमच्या वावरात वेचणारीले माय रागे भरली, का ते बाई रुसून घरी जाते," तो म्हणाला. "मंग दुसऱ्या दिवशी मायले तिच्या दारी जा लागते, चाल बाई म्हणून. त्या लोकायले रुसता येत नोतं, साहेब. त्या पोराची माय नेली, तरी सकाळी त्याले वेचाले जा लागलं."

हे पुस्तकात कुठे आहे, असं साहेबांनी विचारलं.

"पुस्तकात नाई. गुर्जीनं वाचून दाखोलं. बाकी घरचं हाय."

साहेबांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ काहीतरी लिहिलं. जाताना हेडमास्तरांना एवढंच म्हणाले की या वर्गाला विषय समजला आहे, मास्तरांना ठेवा. साहेब दारातून बाहेर पडायच्या आत मी खुर्चीत बसलो. असा हलका मी लग्न ठरल्यावरही झालो नव्हतो.

शाळा सुटल्यावर खिशातला कागद काढून वाचला. सकाळी लिहिताना तो फार बाणेदार वाटला होता. आता दिसलं, मी नुसता रुसलो होतो. साहेबांवर, हेडमास्तरांवर, पोरांवर. आणि रुसून उद्या न येण्याची मला मुभा होती. आईला नेल्यावरही ज्याला ती मुभा नव्हती, त्याची हकिगत मीच वाचून दाखवली होती, आणि ती समजायला मला मागच्या बाकावरचा पोरगा लागला.

कागद फाडला. दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधी वर्गात हजर होतो.