नसरीन मांडी घालून बसली तो दिवस

२००३-०४ ची गोष्ट. जूनमध्ये शाळा नुकतीच उघडली होती, आणि नसरीनला कडेवर घेऊन मी शाळेच्या पायऱ्या चढले... जरा ऐटीतच.

तेव्हा आम्ही सारोळ्याच्या अलीकडं एका गावात राहायचो. माझ्या मुलीला, नसरीनला, सेरेब्रल पाल्सी. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे, जमिनीवर बसवलं की कलंडायची. आधी एकदा नाव घालायला गेले तर हेडसर म्हणाले होते, "नीट बसायला शिकवा, मग आणा."

मी ते खरं मानलं.

एसटीनं पुण्याला थेरपीला जायचं, आणि घरी रोज तेच. मागून कमरेला धरायचं, पकड हळूहळू सैल करायची. बाजूला बांगड्या ठेवून तिला वळून घ्यायला लावायचं. किती वेळा तोंडावर पडली... कपाळाला टेंगूळ आलं तरी म्हणायची, "अम्मी, सोड."

त्या दिवशी तिला वर्गातल्या सतरंजीवर बसवलं आणि मी मागं सरकले. मांडी घातलेली, दोन्ही हात मोकळे. मान थोडी डुगडुगत होती, पण पाठ ताठ. सगळी पोरं बघत राहिली.

हेडसर दारात आले. "चालता येतं का?"

"न्हाई सर. पन बसती की आता. तुमीच म्हनला हुता."

"लघवीला कोण नेणार तिला?"

"म्या थांबते ना हितं, व्हरांड्यात."

"पालकांना नाही थांबता येत, बाई. चालायला लागली की आणा."

ती चालणार नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला कधीच सांगितलं होतं.

मी उचलायला वाकले, तर नसरीननं माझा हात ढकलला. तिचे शब्द अडखळत यायचे. सगळा जोर लावून म्हणाली, "अम्मी... मी पडले का?"

"न्हाई बाळा."

"मग?"

मी तिला उचललं. ती त्या शाळेत कधीच गेली नाही. शेजारच्या पोरींची जुनी पुस्तकं आणून वाचायला मीच शिकवलं. आता शाळेला रॅम्प झालाय... त्यावर मोटारसायकली लावतात.

लोक म्हणतात, जाऊ दे, झालं ते झालं. मी नाही जाऊ देत. माझी पोरगी बसली होती... अख्ख्या वर्गानं बघितलं होतं.